दाराआडची टिकटिक

१

मेट्रोनोम आवडतो असा माणूस मास्तरांनी आजवर पाहिला नव्हता. गिटार शिकायला येणारा पहिल्या दिवशी गाणं मागतो, दुसऱ्या दिवशी त्याहून अवघड गाणं मागतो, आणि तिसऱ्या दिवशी मास्तर टेबलावर त्या ताल मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक सुरू करतात तेव्हा त्याचा चेहरा उतरतो. मग "घरी नुसतंच वाजवतो तेव्हा छान येतं हो" हे वाक्य येतं. गेली तीस वर्षं मास्तर ते वाक्य ऐकत होते आणि दर वेळी मान डोलवत होते, कारण त्यात अर्धं तरी खरं असायचं.

पण मास्तरांचं नाव झालं ते ह्या टिकटिकीमुळेच. त्यांच्याकडे ती गोड लागायची. त्यांचे खेळ होते. पहिला खेळ टिक गिळण्याचा. तार अगदी टिकेवर पडली की टिक ऐकूच येत नाही, पोटात गेली समजायची; दिवसाला दहा गिळल्या तर गाणं. दुसरा खेळ, टिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर घ्यायची, म्हणजे यंत्र आपल्या मागे चालतं, आपण त्याच्या मागे नाही. तिसऱ्या खेळात झपझप बोटं चालवताना तोंडाने "चहा झाला का, चहा झाला का" म्हणायचं. त्यावर स्वयंपाकघरातून मास्तरांची बायको तालात "नाही झाला, नाही झाला" म्हणायची. नव्या विद्यार्थ्याची हसून पुरेवाट व्हायची आणि त्या हसण्यात दहा मिनिटांचा रियाज कधी होऊन जायचा ते त्याला कळायचंही नाही.

एक चौथा खेळ होता. तो मास्तरांनी कुणालाच शिकवला नव्हता.

त्या आठवड्यात ताईकडून खोकं आलं. ताई लहान घरात राहायला जात होती, कपाटं रिकामी करत होती. खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला म्हातारा निघाला. म्हातारा म्हणजे त्यांच्या लहानपणीचा मेट्रोनोम: लाकडी, खाली रुंद आणि वर निमुळता, बाजूला चावी, पुढे पितळी काडी आणि काडीवर सरकतं वजन. दिवसभर नाही-नाही करत मान हलवतो म्हणून म्हातारा. सोबत ताईची चिठ्ठी होती. "बारक्या, हा तुझा. माझ्याकडे नुसता पडून होता."

मास्तरांनी चावी दिली. म्हातारा लंगडत चालू लागला, टिक-टाक, टिक-टाक, एक पाऊल लांब आणि एक आखूड. मास्तर उठले, काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी करून त्याच्या डाव्या पायाखाली सारली, आणि म्हातारा सरळ चालायला लागला. सत्तेचाळीस वर्षांत तो पुठ्ठा किती जाड लागतो हे त्यांची बोटं विसरली नव्हती. मास्तरांना एकदम भरून आलं, आणि बायकोने विचारलं तेव्हा ते धुळीवर ढकलून मोकळे झाले.

२

बुधवारी दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. वय चाळिशीचं, बोलणं तिखट, आणि हात दुसऱ्याच्या जबड्यात स्थिर असले तरी तारांवर आले की सुसाट.

"हा नवीन छळ कुठून आणलात?" म्हाताऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"नवीन कसला. मी ह्याच्याच हाताखाली शिकलो."

"आणि तुम्हाला कंटाळा नाही यायचा?"

"आमचा दाराचा खेळ होता ना," मास्तर बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली. पण बाई म्हणजे दात काढल्याशिवाय न सोडणाऱ्या. शेवटी मास्तरांनी सांगितलं.

खेळ साधा होता. म्हातारा आतल्या खोलीत ठेवायचा आणि दार लावून घ्यायचं. एकजण आत, एकजण बाहेर गिटार घेऊन. आतला मनाला येईल तेव्हा काडी बोटाने धरून ठेवणार, म्हणजे टिकटिक बंद. बाहेरच्याने न थांबता वाजवत राहायचं, चार-चार मात्रा मनात मोजत. आतला हवी तितकी आवर्तनं थांबून बरोबर एकवर काडी सोडणार. तेव्हा त्याचा एक आणि बाहेरच्याचा एक जुळला, तर बाहेरचा जिंकला. नियम दोन. आतल्याने बोलायचं नाही. आणि टिकटिक परत येईपर्यंत बाहेरच्याने दार उघडायचं नाही, काही झालं तरी.

"हे तर झकास आहे," बाई म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं लपवून ठेवलंत?"

मास्तर आत गेले. त्यांच्या घरातली आतली खोली म्हणजे इस्त्रीचे कपडे, शिवणयंत्र आणि खिडकी. म्हातारा त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बाहेरून बाईंचं वाजणं येत होतं. त्यांनी काडी धरली, चार आवर्तनं मोजली, सोडली. जुळलं. मग आठ. जुळलं. मग एकदम सोळा धरली, आणि बाई बरोबर एकवर उतरल्या. इतक्या वर्षांत न साधलेली गोष्ट अर्ध्या तासात साधली होती.

मास्तर बाहेर आले तेव्हा बाईंचा चेहरा फुलला होता. "पण तुम्ही मदत करत होतात, हे काही बरोबर नाही."

"कसली मदत?"

"कसली काय? सोडायच्या आधी, चौथ्या मात्रेला, दारावर नखाने टक् करत होतात की. अगदी हळू. मला वाटलं, बिचारे दया करतायत."

मास्तर खिडकीपाशी होते. दार तिथून चार पावलांवर.

"लाकडात किडा असेल," ते म्हणाले.

"ह्या दाराला?" बाई हसल्या. दार प्लायवूडचं होतं, वरून प्लास्टिकचा पत्रा चिकटवलेलं, चार वर्षांपूर्वी बसवलेलं. किड्याने त्यात काय खावं?

बाई गेल्यावर मास्तरांनी दारावरून हात फिरवून पाहिला. किड्याचं वाक्य त्यांचं नव्हतं, ते दादाचं होतं.

३

तेव्हा मास्तर मास्तर नव्हते. अकरा वर्षांचा बारक्या होता. दादा सतरा वर्षांचा, ताई चौदाची. घर दुसऱ्या मजल्यावर, खाली छापखाना, आणि वर यायला लाकडी जिना. छापखान्याचं यंत्र दिवसभर धडधडायचं आणि जमीन तळपायांना गुदगुल्या करायची. अजूनही कधी शाईचा वास आला की मास्तरांचं सगळं बालपण त्या वासामागून वर येतं.

दादा गिटार शिकत होता आणि बारक्या दादाकडे शिकत होता. बारक्या टिकटिकीला रडायचा. दादाने त्याला मारलं नाही, रागावला नाही, खेळ काढले. टिक गिळण्याचा खेळ त्याचा, चहाचा त्याचा, सगळे त्याचेच. चार बोटांचा रटाळ सराव करावा लागू नये म्हणून दादाने स्वतः एक चाल रचली होती, तिचं नाव "मुंग्या". बोटं एकामागून एक रांगेत वर चढायची. तिसऱ्या आवर्तनात बारक्या हमखास घाई करायचा आणि दादा म्हणायचा, "मुंग्यांना गाडी पकडायची नाहीये रे." चाल अर्धीच झाली होती. वर चढलेल्या मुंग्या खाली कशा उतरणार ते दादा पुढे रचणार होता.

दादाच्या उजव्या अंगठ्याचं नख तुटलं होतं. त्याने पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून, घासून तिथे चिकटवला होता. पांढराफटक, शिंपल्यासारखा. बारक्याला तो अंगठा जगातली सगळ्यात भारी गोष्ट वाटायचा.

दाराच्या खेळात बारक्या नेहमी जिंकायचा. टिकटिक परत यायच्या आधी, चौथ्या मात्रेला, दारातून बारीक टक् यायचं. बारक्याने विचारलं तर दादा गंभीरपणे म्हणायचा, "लाकडात किडा आहे. तालाचा पक्का आहे लेकाचा." बारक्याने ते कित्येक महिने खरं मानलं होतं.

मग तो रविवार. छापखाना बंद, आईबाबा बाहेर, ताई क्लासला. तीनच्या सुमाराला खेळ सुरू झाला. नेहमीसारखा दाराशी जमिनीवर म्हातारा ठेवून दादाने काडी धरली. बारक्या "मुंग्या" वाजवत मोजत राहिला. आठ आवर्तनं, सोळा, बत्तीस. टिकटिक येईना. किडा दोनदा तालात वाजला. मग तो चुकला. मात्रा सोडून वाजला, मग दोनदा लागोपाठ, मग बऱ्याच वेळाने एकदा, आणि दाराच्या अगदी खालून, जमिनीपाशी. बारक्याला वाटलं, दादा मुद्दाम ताल चुकवतोय, आपल्याला हरवायला बघतोय. त्याला राग आला. "दादा, चिडवू नकोस हं," तो म्हणाला. पुन्हा वेडंवाकडं ठक्-ठक्. "मग मी चाललो," तो म्हणाला, खुर्ची मागे सरकवली आणि खाली मैदानावर निघून गेला. दार त्याने उघडलं नाही. नियम होता.

दादाच्या हृदयात आधीपासून काहीतरी दोष होता म्हणे, कुणाला कळला नव्हता. डॉक्टर बाबांना म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर. बारक्याने ते दाराआडून ऐकलं.

ठकठक ऐकली होती, हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, ताईला नाही, बायकोलाही नाही. पुढे तिशीत त्यांनी "मुंग्या"चा उरलेला भाग स्वतः रचला. मुंग्या हळूहळू खाली उतरतात आणि शेवटचा सूर एकटाच राहतो, असा. तेवढंच त्यांना करता आलं.

४

पुढच्या दोन दुपारी मास्तरांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दुपारी बायको ग्रंथालयात कामाला गेली आणि घर शांत झालं, तेव्हा ते स्वतःलाच म्हणाले की खात्री करून घ्यायला काय हरकत आहे. बाईंनी स्वतःच्या पायाचा आवाज ऐकला असेल. वरच्या मजल्यावरून काही आलं असेल. दातांची माणसं, त्यांना ठोकाठोकीची सवय. म्हाताऱ्याला चावी देऊन त्यांनी कट्ट्यावर ठेवलं, पुठ्ठा नीट बसलाय ना ते पाहिलं, दार लावलं, आणि बाहेर येऊन गिटार घेतली. घड्याळात तीन वाजले होते.

"मुंग्या" सुरू केली. टिकटिक दारातून येत होती, थोडी दबलेली. तिसऱ्या आवर्तनाला बोटांनी घाई केली. साठीला आलेल्या माणसाची ती जुनी खोड पाहून त्यांना हसू फुटलं.

सातव्या आवर्तनानंतर टिकटिक थांबली.

पुठ्ठा सरकला असणार, मास्तरांच्या मनात आलं. स्प्रिंग जुनी आहे, अडकली असेल. पण हात थांबेनात. डावा पाय जमिनीवर मोजत होता. एक, दोन, तीन, आणि चौथ्या मात्रेला दारावर नखाचं बारीक टक्.

खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. छातीत ऊन पडल्यासारखं झालं. छापखान्याची शाई, दादाचा निळा सदरा, दोघांची एकच गिटार, सगळं आपापल्या जागी आलं. पुढच्या आवर्तनाला पुन्हा टक्. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते वाजवत होते.

मग एक टक् उशिरा आलं.

त्यानंतरची दोन एकात एक मिसळून आली. मग बराच वेळ काही नाही. मग खालून, जमिनीपाशी, ठक्.

मास्तरांनी गिटार टाकली. ती खुर्चीवर आपटून सगळ्या तारा घणघणल्या. सत्तेचाळीस वर्षं उशिरा त्यांनी ते दार उघडलं.

आत इस्त्रीचे कपडे होते, शिवणयंत्र होतं, खिडकीतून आलेलं ऊन होतं. जमिनीवर कुणी नव्हतं. पण म्हाताऱ्याची काडी पूर्ण उजवीकडे कललेली होती आणि तिथेच थांबली होती. चावी दिलेला मेट्रोनोम असा थांबत नाही, त्याला कुणीतरी धरावं लागतं. काडीच्या टोकावर, पापणी लवेपर्यंत, त्यांना एक अंगठा दिसला. नखाच्या जागी पांढरं शिंपल्यासारखं काहीतरी होतं. मग काडी सुटली आणि म्हातारा निमूटपणे नाही-नाही करू लागला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी अजून तीनदा करून पाहिलं. दर वेळी तेच. दार बंद असेपर्यंत पलीकडे तो रविवार असायचा. दार उघडलं की खोली आजची व्हायची. बंद दारातून फक्त आवाज जात-येत होता.

५

रविवारी मास्तर ताईकडे खोकी बांधायला गेले. ताई साठी ओलांडलेली, गुडघे दुखतात तरी स्टुलावर चढणारी. दोघं चिकटपट्ट्या लावत बसले.

"म्हातारा चालतो का रे?" ताईने विचारलं.

"चालतो. पुठ्ठा लागतो अजून."

ताई हसली, आणि हसता हसता तिने हातातली कात्री खाली ठेवली. "तुला एक विचारू? रागावणार नसलास तर."

"विचार की."

"त्या दिवशी तू मैदानावर होतास, असं आईला सांगितलंस. मी काही बोलले नाही. लहान होतास, घाबरला असशील. पण तू घरात होतास ना?"

"नव्हतो ताई. सव्वातीनलाच गेलो होतो."

"बारक्या, आता आपण म्हातारे झालो. मी चारला क्लासवरून आले तेव्हा तू वाजवत होतास. मी ऐकलंय. चपलेचा पट्टा तुटला होता, फटक-फटक करत जिना चढत होते, आणि वरून 'मुंग्या' ऐकू आली. इतकी छान वाजत होती की मी सातव्या पायरीवर बसलेच. म्हटलं, वर गेले तर हा लाजून बंद करेल. ऐकत बसले अर्धा तास. वाजणं थांबलं तेव्हा उठले. वर आले तर बाहेर कुणी नव्हतं, आणि आत..."

मास्तरांच्या हातातली चिकटपट्टी बोटाला चिकटली होती, ती सुटेना.

"डॉक्टर काय म्हणाले ते तुलाही माहीत आहे," ताई म्हणाली. "तो अर्धा तास माझ्याकडे होता रे. मी जिन्यात बसून गाणं ऐकत होते."

मास्तर खुर्चीवरून उठून तिच्याजवळ जमिनीवर बसले. एवढी वर्षं एकाच घासाचे दोन तुकडे दोघांनी वेगवेगळे गिळले होते. त्यांनी तिचा हात धरला, काहीतरी बोलायला म्हणून विचारलं, "मी घाई करत होतो का? तिसऱ्या आवर्तनाला?"

"करत होतास की, नेहमीसारखी." ताईने डोळे पुसले. "पण शेवट काय सुंदर होता. त्या मुंग्या हळूहळू खाली उतरतात आणि एकच सूर राहतो ना, तो. परत परत वाजवत होतास. नंतर कधी तू तो वाजवलेला मी ऐकला नाही."

मास्तरांनी तिचा हात सोडला नाही. अकरा वर्षांच्या बारक्याला तो शेवट येत नव्हता. तेव्हा तो कुणालाच येत नव्हता.

६

घरी आल्यावर मास्तरांनी म्हाताऱ्याची चावी पुरती उतरवली, त्याला रजईत गुंडाळून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. गिटारही पेटीत गेली. शिकवण्यांना सुट्टी. बायकोने विचारलं तर म्हणाले, मनगट दुखतंय. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "मास्तर, दात दुखत असेल तर या, मनगटाचं मला कळत नाही," तेव्हाही ते हसले नाहीत. त्यांचा हिशेब सरळ होता. त्या दिवशी जे वाजत होतं ते आपणच वाजवलंय, किंवा अजून वाजवायचंय. वाजवलंच नाही, तर ताई पायरीवर बसणार नाही.

दहा दिवस त्यांनी दम धरला. अकराव्या दुपारी, बायको बाहेर, घड्याळात चार वाजायला आलेले, आणि दाराच्या खालून ठक् असा आवाज आला.

मास्तर पेपर धरून बसले होते. त्यांनी पान उलटलं. पुन्हा ठक्. मग दोन लागोपाठ. मग इतका वेळ काही नाही की त्यांनी पेपर खाली ठेवला. मग एक, अगदी क्षीण.

ते उठले, दार उघडलं. ऊन, कपडे, शिवणयंत्र, कुलूपबंद कपाट. दार लावलं. ठक्.

"दादा," ते दाराला तोंड लावून म्हणाले. उत्तर आलं नाही. आतल्याने बोलायचं नाही, हाही नियमच होता, आणि दादा खेळाला पक्का. किंवा त्याच्यात बोलण्याइतकं त्राण नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांसमोर ती लाकडी जमीन आली, तिच्यावर पडलेला सतरा वर्षांचा मुलगा, आणि बाहेर खुर्ची सरकवून जिन्यावरून धावत गेलेली पावलं. तेव्हापासून तो तिथे एकटा होता.

मग त्यांना राहवेना. पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली. "आहे रे, इथेच आहे," ते पुटपुटले आणि "मुंग्या" सुरू केली.

पहिली काही आवर्तनं पलीकडचं ठोकणं तसंच भरकटत राहिलं. मास्तर हळू झाले, त्याच्या जवळ गेले, त्याला वाट दिली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सावरलं तसं सावरलं. तिसऱ्या आवर्तनात घाई झाली. चौथ्यात पलीकडचा ठोका जरासा अलीकडे सरकला. पाचव्यात अजून. आणि मग चौथ्या मात्रेला, अगदी हलकं, टक्.

मास्तरांनी डोळे मिटले. आता मुंग्या वर चढल्या होत्या. त्यांनी त्या हळूहळू खाली उतरवल्या, शेवटचा सूर एकटा सोडला, आणि त्या सुराच्या मागून दारावर नख हळूच वाजलं. जणू दादा म्हणत होता, असं होय, असा उतरतो का हा. सत्तेचाळीस वर्षं त्यांना हेच हवं होतं. दादाला शेवट ऐकवायचा होता. ते पुन्हा सुरुवातीला गेले. जन्मभर असंच वाजवत राहावं, बायकोने येऊन चहा द्यावा, गार व्हावा, आपण उठू नये, असं त्यांना मनापासून वाटलं.

तेव्हा जिन्यातून आवाज आला. फटक. फटक.

त्यांच्या इमारतीचा जिना सिमेंटचा आहे. हा लाकडाचा कुरकुरत होता. तुटक्या पट्ट्याची चप्पल एकेक पायरी वर येत होती. मास्तर मोजत होते, मोजणं त्यांच्या हाडात होतं. पाच. सहा. सातवी पायरी करकरली, चप्पल थांबली, आणि कुणीतरी हळूच, वाजवणाऱ्याला कळू नये अशा बेताने, खाली बसलं.

मास्तरांची बोटं चालत होती. पलीकडे चौथ्या मात्रेला टक् येत होतं, शांत, भरवशाचं. आपण थांबलो की दादाला तेच ऐकू येणार, जे तेव्हा ऐकू आलं होतं. वाजणं बंद. बारक्या पुन्हा निघून गेला. आणि त्याला सांगता येणार नाही की ह्या वेळी का. नाही थांबलो तर एक चौदा वर्षांची मुलगी अर्धा तास मन लावून गाणं ऐकेल आणि साठ वर्षांची होईपर्यंत तो अर्धा तास उशाशी घेऊन झोपेल. मुंग्या वर चढत होत्या. अजून चार आवर्तनं, मग उतार, मग तो शेवटचा सूर. निदान तेवढा तरी, असं त्यांच्या मनात आलं. निदान एकदा शेवटपर्यंत.

त्यांनी उजवा तळवा तारांवर दाबला.

सगळं गप्प झालं. चौथी मात्रा आली आणि दारावर टक् वाजलं. पुढची आली, टक्. त्याच्या पुढची आली आणि ठोका चुकला, उशिरा आला, खालून आला. मास्तरांच्या घशातून आवाज फुटला, तो त्यांनी दातांखाली धरला. तळवा उचलला नाही. मग त्यांनी ती गोष्ट केली जी जन्मभर स्वप्नात ऐकून ते दचकून उठायचे. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, मुद्दाम, कर्कश, जिन्यापर्यंत जाईल अशी.

जिन्यात काही क्षण काहीच झालं नाही.

मग सातवी पायरी करकरली. फटक, फटक, आणि मग चप्पल पायातून निसटून घरंगळत खाली गेली आणि अनवाणी पावलं दोन-दोन पायऱ्या घेत वर आली. मास्तरांच्या घराचं दार उघडलं नाही. पावलं त्यांच्या खुर्चीजवळून, त्यांच्या डाव्या हाताशी वारा हलवत, सरळ आतल्या दाराकडे गेली. त्यांनी वर पाहिलं नाही. बंद दाराच्या पलीकडे एक दार उघडल्याचा आवाज झाला, आणि ताईचा कोवळा आवाज ओरडला, "दादा!"

त्यानंतर काय झालं ते मास्तरांना ऐकू आलं नाही. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रस्त्यावरून एक गाडी गेली. खाली कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. ताईला फोन करावा असं एकदा मनात आलं, पण हात उचलवेना.

मग आतून, कुलूपबंद कपाटातून, रजईच्या घडीतून, टिकटिक सुरू झाली. कुणीतरी काडी सोडली होती, बरोबर एकवर. मास्तरांचा डावा पाय इतका वेळ मोजतच होता.